शेवंतीची काडी

शेवंतीची नवी रोपं करायची म्हटलं की बहुतेकांना जूनचा पहिला पाऊस आठवतो. खरं तर हे काम त्याच्या सात महिने आधी, दिवाळीच्या सुमाराला सुरू व्हायला हवं. जूनमध्ये सगळी झाडं सारखीच हिरवी दिसतात. कोणतं झाड भरभरून फुलणार, कोणाचा रंग फिका पडणार, कोणाचे देठ फुलांच्या भाराने लोळणार, हे तेव्हा जाणत्या माळ्यालाही सांगता येत नाही. झाड फुलांनी लगडलेलं असतं तेव्हाच त्याची पारख होते. म्हणून फुलं तोडायला जाताना खिशात रंगीत दोरा ठेवावा आणि मनात भरलेल्या झाडाच्या बुडाशी बांधावा. अगदी जमिनीलगत बांधावा, कारण वरचा भाग पुढे छाटला जाणार आहे.

पाहायचं काय, तर नुसता फुलांचा आकार नव्हे. खालची पानं शेवटपर्यंत हिरवी राहिली आहेत का, फांद्या बुडापासून फुटल्या आहेत का, शेजारच्या झाडांवर करपा आला असताना हे झाड किती टिकलं, फुलं बाजाराला हवी तेव्हा उमलली का, हे सगळं बघायचं. जे झाड कारण नसताना बुटकं राहिलं आहे, ज्याच्या पानांवर फिकट चट्टे आहेत, ज्याची फुलं लहान आणि रंगाने उडालेली आहेत, त्याला दोरा बांधू नये. अशा झाडात विषाणू असण्याची शक्यता असते, आणि तो काडीबरोबर पुढच्या पिढीत जातो. फवारणीने तो निघत नाही.

नगर जिल्ह्यात, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, शेवंतीविषयी लिहायला विशेष कारण आहे. शहराजवळचं अकोळनेर फुलांचं गाव म्हणून ओळखलं जातं. नगर-पुणे रस्त्यालगतची गावं आणि पारनेर तालुक्याचा मोठा भागही शेवंती, झेंडू आणि अ‍ॅस्टरवर दसरा-दिवाळीचा हिशेब मांडतो. हा पर्जन्यछायेचा मुलूख. वर्षाला ५०० ते ६०० मिलिमीटर पाऊस, तोही बेभरवशाचा. ऊस पोसण्याइतकं पाणी नसलेल्या मुरमाड, उताराच्या जमिनीत शेवंती चांगली येते, कारण तिला मुळाशी साचलेलं पाणी अजिबात सोसत नाही. फुलं उमलायच्या दिवसांत इथली हवा कोरडी असते, त्यामुळे पाकळ्या सडत नाहीत. हीच कोरडी हवा काडी रुजवताना मात्र आडवी येते. त्यामुळे इथे काडी लावायची रीत कोकणातल्या रीतीपेक्षा वेगळी ठेवावी लागते. खुद्द जिल्ह्यातसुद्धा अकोले तालुक्याच्या पश्चिमेला, घाटघर-रतनवाडीकडे, पावसाळ्यात उघड्यावर खोचलेली काडी जगून जाते. तीच काडी कर्जत-जामखेडकडे दुपारपर्यंत मान टाकते.

शेवंती बियांपासून का करत नाहीत, हा प्रश्न रास्त आहे. बी धरतं आणि उगवतंही. पण आपल्या लागवडीतली शेवंती ही मुळात चीनमधल्या बागांत शेकडो वर्षं संकर होत घडलेली. तिच्या पेशीत रंगसूत्रांचे सहा संच असतात. स्वतःच्याच परागाने ती सहसा फळत नाही, दुसऱ्या झाडाचा पराग लागतो. त्यामुळे एका फुलातल्या बियांतून आलेल्या रोपांत कुणी पिवळं, कुणी पांढरं, कुणी एकेरी पाकळीचं निघतं. नवी जात शोधणाऱ्या संशोधकाला हे हवंच असतं, हार आणि तोरणासाठी एकाच रंगाची फुलं नेणाऱ्या व्यापाऱ्याला ते चालत नाही. झिपरी, राजा, पांढरी रेवडी, पिवळी रेवडी, सोनाली तारा ही नावं पिढ्यान्‌पिढ्या टिकली ती झाडाच्या तुकड्यातून झाड करत राहिल्यामुळेच. आज कुंडीत फुललेली रेवडी आणि पन्नास वर्षांपूर्वी कुणाच्या तरी मळ्यात फुललेली रेवडी हे वंशाने एकच झाड आहे.

याला एक सुंदर अपवाद होतो. कधी कधी एखाद्याच फांदीवर वेगळ्या रंगाचं फूल येतं. बाकी झाड पिवळं, एक फांदी तांबूस. शेंड्यातल्या पेशीत आपोआप झालेल्या बदलाचा हा परिणाम. त्याच फांदीची काडी लावली आणि बदल टिकला, तर नवी जात हाती येते. शेवंतीच्या कितीतरी जाती अशाच मिळाल्या आहेत. दिवाळीत दोरा घेऊन फिरणाऱ्याला हेही दिसू शकतं.

आता मुख्य निवड. शेवंतीची लागवड दोन तऱ्हांनी होते, काश्यांनी किंवा शेंड्याच्या काडीने. फुलं संपली की झाडाच्या बुडातून, जमिनीखालून, नवे धुमारे वर येतात. त्याच काश्या. त्यांना आपली मुळं असतात, उपटल्या की लावता येतात, खर्च नाही, कौशल्य नाही. आपल्याकडे जुन्या काळापासून हेच चालत आलं आहे आणि घरच्या दोन कुंड्यांसाठी ते पुरेसं आहे. पण काशी त्याच मातीतून येते जिथे वर्षभर झाड उभं होतं. मातीत मर रोगाची बुरशी असेल, सूत्रकृमी असतील, तर ते मुळांबरोबर नव्या वाफ्यात पोचतात. शिवाय काश्या एका वयाच्या नसतात. कुणी जाड, कुणी काडीसारखी बारीक. मग शेत एकसारखं वाढत नाही आणि फुलं पुढेमागे येतात. शेंड्याची काडी जमिनीपासून वर वाढलेल्या कोवळ्या फांदीची असते. मातीतले रोग तिच्यात कमी, वय आणि जाडी आपल्या हातात, आणि एका मातृवृक्षाकडून पुन्हा पुन्हा काड्या घेता येतात. माझं मत स्पष्ट आहे: अर्धा एकर शेवंती करणाऱ्यानेही मधला मार्ग धरावा. निवडलेल्या झाडांच्या काश्या स्वच्छ मातीत लावून त्यांचे मातृवृक्ष करावेत, आणि शेतात लावायची रोपं मात्र त्यांच्या शेंड्यांपासून करावीत.

जानेवारीत फुलं आटोपली की दोरा बांधलेली झाडं जमिनीपासून तळहातभर उंचीवर छाटायची. काही दिवस पाणी कमी करायचं, मग थोडं शेणखत देऊन पुन्हा सुरू करायचं. फेब्रुवारीत बुडातून फूट दिसते. जोमदार काश्या काढून कुंडीत किंवा वेगळ्या वाफ्यात लावल्या की पुढचे तीन महिने त्यांना फक्त जगवायचं आणि वाढवायचं. नगरच्या एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या पुढे जातो, तेव्हा ५० टक्के सावलीचं शेडनेट किंवा आंब्याची विरळ सावली हवी. माव्यावर लक्ष ठेवावं, कारण विषाणू एका झाडावरून दुसऱ्यावर नेण्याचं काम तो करतो. मातृवृक्षाचा शेंडा एकदा खुडला की बगलेतून फांद्या फुटतात. आपल्याला हव्या आहेत त्या याच.

नत्राचा मारा मात्र करू नये. युरिया घातला की फांद्या लुसलुशीत, गर्द हिरव्या आणि डोळ्यांना सुखावणाऱ्या होतात, पण अशी काडी वाफ्यात लवकर सडते. रुजायला साठवलेली साखर लागते. बोटांनी वाकवल्यावर टचकन तुटणारी फांदी योग्य वयाची असते. नुसती वाकून राहिली तर फार कोवळी किंवा कोमेजलेली, आणि सालीचे तंतू निघून लोंबकळली तर जून झालेली.

इथून पुढचं सगळं काम समजून घ्यायचं तर काडीच्या पोटात काय चालतं ते पाहायला हवं. फांदी झाडावर असते तेव्हा पानांतून उडून गेलेलं पाणी मुळं भरून काढतात. ती कापली की जमेची बाजू जवळजवळ बंद होते आणि खर्च चालूच राहतो. कापलेल्या टोकाच्या नळ्यांतून थोडं पाणी वर चढतं, पण त्या नळ्यांत हवा शिरते, जिवाणू वाढतात, आणि दोन-चार दिवसांत तेही मंदावतं. नवी मुळं यायला दोन ते तीन आठवडे लागतात. तेवढे दिवस काडीने पाण्याच्या दिवाळखोरीत न जाता काढले की जिंकली. मग पानंच काढून टाकावीत, म्हणजे खर्च संपला, असं वाटेल. पण शेवंतीच्या कोवळ्या काडीत अन्नाचा साठा थोडा असतो. मुळं घडवायला लागणारी साखर पानंच रोजच्या उजेडात तयार करतात, आणि मूळ फुटण्याची आज्ञाही वरूनच येते.

ही आज्ञा म्हणजे ऑक्सिन नावाचं संजीवक. शेंड्यात आणि कोवळ्या पानांत ते तयार होतं आणि फांदीतून फक्त खालच्या दिशेने वाहतं. अखंड झाडात ते मुळांपर्यंत जातं. कापलेल्या काडीत त्याची वाट टोकाशी संपते, म्हणून ते तिथेच साचतं. अन्न वाहून नेणाऱ्या नळ्यांच्या आसपासच्या काही पेशी या साठ्यामुळे आपलं जुनं काम सोडतात, पुन्हा विभागू लागतात आणि मुळाचा अंकुर घडवतात. पहिला आठवडा बाहेरून काहीच दिसत नाही, कारण सगळं सालीच्या आत चाललेलं असतं. मग अंकुर साल फोडून बाहेर येतो. टोकाशी दिसणारी पांढरट, खरखरीत गाठ म्हणजे जखम भरून येण्याची खूण आहे, ती मूळ नव्हे. नुसती गाठ वाढत राहिली आणि मुळं आलीच नाहीत असंही होतं. ऑक्सिन एकाच दिशेने वाहतं, म्हणूनच उलटी खोचलेली काडी रुजत नाही. काड्यांची जुडी बांधताना सगळे शेंडे एका बाजूला ठेवण्याची माळ्यांची सवय त्यासाठीच.

मूळ घडवणाऱ्या पेशींना श्वासही घ्यावा लागतो. काळ्या मातीत पाणी घातलं की तिच्या पोकळ्या भरून जातात आणि हवेला जागा उरत नाही. काडी काळी पडून सडते ती बहुधा गुदमरल्यामुळे, बुरशी मागाहून येते. म्हणून रुजवण्यासाठी माती वापरूच नये. धुतलेली जाडसर वाळू, किंवा वाळू आणि कोकोपीट निम्मंनिम्मं, हे मिश्रण मला सर्वांत भरवशाचं वाटतं. वाळू पाण्यात ढवळून गढूळ पाणी ओतत राहायचं, पाणी स्वच्छ निघेपर्यंत. कोकोपीटमध्ये मीठ असतं, तेही दोन-तीनदा धुवायचं. खत अजिबात नको. या टप्प्यावर काडीला खाणारी मुळंच नाहीत.

निर्जंतुकीकरणासाठी नगरचा उन्हाळा फुकट उपलब्ध आहे, आणि त्याचा उपयोग फार थोडे लोक करतात. ओलं मिश्रण वीतभर जाडीने पसरायचं, वर पारदर्शक प्लॅस्टिक ताणून कडा मातीने दाबायच्या आणि एप्रिल-मेच्या उन्हात चार ते सहा आठवडे तसंच ठेवायचं. आतली उष्णता बऱ्याच बुरश्या, कीड आणि तणाचं बी मारते. काळं प्लॅस्टिक इथे तेवढं चालत नाही, कारण ते स्वतः तापतं आणि ऊन आत जाऊ देत नाही. घरी दोन कुंड्यांपुरतं करायचं असेल तर उकळतं पाणी ओतून गार होऊ द्यावं.

पाण्याकडे दुर्लक्ष होतं आणि तेच महागात पडतं. मुळा आणि प्रवरेच्या कालव्यांच्या भागात, तसंच खोल बोअरवर जगणाऱ्या गावांत, पाणी क्षारयुक्त आहे. कुंडीच्या कडेला पांढरा थर दिसला की समजावं. रुजणाऱ्या काडीच्या उघड्या टोकाला हे क्षार भाजतात, आणि पाणी रोज शिंपडल्यामुळे पानांवर साचत जातात. गच्चीवरून पन्हाळीने आलेलं पावसाचं पाणी पहिली सर सोडून भरून ठेवावं आणि काड्यांसाठी तेच वापरावं. शेतकऱ्यांनी विहिरीचं पाणी एकदा तपासून घ्यावं. जिल्ह्यात बाभळेश्वर आणि दहिगाव-ने इथे कृषी विज्ञान केंद्रं आहेत आणि राहुरीचं महात्मा फुले कृषी विद्यापीठ तर आपल्याच जिल्ह्यात, १९६८ पासून उभं आहे.

काडी घ्यायचा दिवस ढगाळ असावा आणि वेळ सकाळची, ऊन वर येण्याआधी. रात्रभरात फांदीत पाणी भरलेलं असतं, ते त्या वेळी सर्वांत जास्त असतं. आदल्या संध्याकाळी मातृवृक्षाला भरपूर पाणी द्यावं. शेडनेट आणि झारी हाताशी असलेला शेतकरी मे महिन्यात काम सुरू करतो, म्हणजे जूनमध्ये रोपं शेतात जातात. घरच्या बागेत मात्र मृगाचा पाऊस होऊन हवेत ओलावा येईपर्यंत थांबणं शहाणपणाचं.

चाकू किंवा ब्लेड धारदार हवं. बोथट कात्री फांदी चेपते आणि चेपलेल्या पेशी कुजतात. एका मातृवृक्षाकडून दुसऱ्याकडे जाताना पातं स्वच्छ करणं फार महत्त्वाचं आहे. शेवंतीला खुजं करणारा एक विषाणूहून साधा रोगकारक आहे, व्हायरॉइड नावाचा. १९४०च्या दशकात अमेरिकेतल्या काचघरांत त्याने शेवंतीचं मोठं नुकसान केलं आणि नंतर तो काड्यांच्या व्यापाराबरोबर जगभर पसरला. तो रसातून, चाकूच्या पात्यावरून, खुडणाऱ्या बोटांवरूनही जातो. घरगुती ब्लीच पाण्यात मिसळून पातं त्यात थोडा वेळ बुडवून घेणं हा सोपा उपाय. आणि पहिली काडी नेहमी सर्वांत निरोगी झाडाची घ्यावी, शंकेच्या झाडाला हात शेवटी लावावा किंवा लावूच नये.

शेंड्याकडचा ५ ते ७ सेंटिमीटरचा तुकडा घ्यायचा, पेराच्या किंचित खाली काप देऊन. पेराशी नळ्यांचं जाळं दाट असतं, साखर आणि संजीवक तिथे जमतं, आणि तिथला भाग भरीव असल्याने सडत नाही. खालच्या अर्ध्या भागातली पानं देठापासून काढावीत, ओढून साल सोलू नये. वर तीन-चार पानं आणि शेंडा राहू द्यावा. पानं फार मोठी असतील तर निम्मी कापली तरी चालतात. कळी दिसली तर ती काडी टाकून द्यावी. कळी खुडून लावता येते असं सांगतात, पण फुलाच्या वाटेला लागलेल्या फांदीचं मन मुळांत नसतं, ती रुजायला वेळ लावते. कापलेल्या काड्या ओल्या फडक्यात गुंडाळाव्यात, बादलीत तासन्‌तास बुडवून ठेवू नयेत.

मग संजीवकाची पूड. शेवंती त्याशिवायही रुजते, हे आधी सांगायला हवं. पूड लावली तर मुळं लवकर, जास्त आणि सगळ्या काड्यांना जवळजवळ एकाच वेळी येतात, म्हणून रोपवाटिकेला ती हवी. नैसर्गिक ऑक्सिन काडीत लवकर मोडून जातं. अमेरिकेतल्या बॉइस थॉम्पसन इन्स्टिट्यूटमध्ये झिमरमन आणि विल्कॉक्सन यांनी १९३५ मध्ये दाखवून दिलं की इंडोल ब्युटिरिक अ‍ॅसिड, म्हणजे आयबीए, जास्त टिकतं आणि मुळं फोडायला अधिक परिणामकारक असतं. तेव्हापासून जगभरच्या रोपवाटिका त्यावर चालतात. बाजारात मिळणारी मुळांची पूड म्हणजे शंखजिऱ्यात मिसळलेलं आयबीए. द्रावण करायचं असेल तर एका लिटरला एक ग्रॅम, म्हणजे १००० पीपीएम, शेवंतीसारख्या कोवळ्या काडीला पुरतं. ते पाण्यात सरळ विरघळत नाही, आधी थोड्या स्पिरिटमध्ये विरघळवून मग पाणी घालावं. काडीचं खालचं टोक पाच-दहा सेकंद बुडवून काढायचं. जास्त दिलं की जास्त मुळं येतात हा समज चुकीचा. प्रमाण वाढलं की टोक काळं पडतं आणि वरची वाढ थांबते. पूड वापरताना थोडी वेगळ्या कागदावर काढून घ्यावी, ओली काडी डब्यात घालू नये, डबा खराब होतो. मध आणि दालचिनी ही संजीवकं नव्हेत. दालचिनी बुरशीला थोडी आवरते, मधाने मुळं फुटत नाहीत.

काडी सरळ खोचू नये, साल खरचटते आणि लावलेली पूड पुसली जाते. आधी बारीक काटकीने भोक पाडावं, काडी दोन सेंटिमीटर आत ठेवावी आणि दोन बोटांनी भोवतालची वाळू दाबावी, म्हणजे टोकाशी पोकळी राहत नाही. दोन काड्यांत तीन-चार सेंटिमीटर अंतर पुरे. पानं एकमेकांवर चढू नयेत.

यानंतर मूळ येईपर्यंत लक्ष हवेकडे ठेवायचं, वाळूकडे कमी. पानांभोवतीची हवा ओलसर असेल तर त्यांतून पाणी उडत नाही. रोपवाटिकेत दर काही मिनिटांनी तुषार सोडणारे फवारे असतात. शेतावर बांबूच्या कमानींवर पांढरं प्लॅस्टिक आणि त्यावर शेडनेट घालून बुटका बोगदा करतात, जमिनीवर ओली पोती अंथरतात. घरी कुंडीवर पारदर्शक पिशवी घालून काठाशी रबर लावला तरी तेच साधतं. पिशवी उन्हात ठेवायची नाही, हे मात्र पक्कं. उन्हात पिशवीची भट्टी होते आणि तासाभरात काड्या शिजतात. उत्तरेकडची खिडकी, व्हरांडा, झाडाची दाट सावली चालेल. उजेड हवा, ऊन नको. रोज सकाळी पिशवी काही मिनिटं उघडून हवा बदलावी. पानांवर पाणी शिंपडावं ते दुपारपर्यंत. रात्रभर ओल्या राहिलेल्या पानांवर बुरशी धरते. वाळू चिमटीत दाबून पाहावी: ओलसर लागली पण पाणी निथळलं नाही, तर ठीक.

सडलेलं पान किंवा काळी पडलेली काडी दिसताच उचलून टाकावी. दुपारी पानं थोडी मलूल होऊन संध्याकाळी सावरत असतील तर घाबरू नये. सकाळीही मलूल असतील तर हवा कोरडी पडते आहे. आणि काडी उपटून बघण्याचा मोह आवरावा, कारण पहिली मुळं काचेसारखी ठिसूळ असतात. दोन आठवड्यांनी काडी हलकेच वर ओढून पाहावी. धरून ठेवल्यासारखी वाटली आणि शेंड्याला नवं, उजळ रंगाचं पान आलं, की मुळं आली. साधारण १५ ते २० दिवस लागतात. गारठ्यात किंवा कडक उन्हाळ्यात जास्त.

मुळं दोन-तीन सेंटिमीटर झाली की लगेच हलवावं. वाळूत अन्न नाही, तिथे रोप पिवळं पडू लागतं. पोयटा, चांगलं कुजलेलं शेणखत आणि वाळू समान भाग घेऊन लहान पिशव्या भराव्यात. इथेच बरीच रोपं दगावतात, कारण बोगद्यातल्या ओलसर हवेतून ती एकदम उघड्यावर आणली जातात. ओल्या हवेत वाढलेल्या पानांवर मेणाचा थर पातळ असतो. आठ-दहा दिवस घ्यावेत: आधी प्लॅस्टिकची एक बाजू उघडायची, मग दोन्ही, मग फक्त शेडनेट, मग सकाळचं ऊन.

शेतात ४५ बाय ३० सेंटिमीटरवर किंवा जातीप्रमाणे त्याहून मोकळं लावतात. घरी एक रोप दहा इंची कुंडीत. लागवडीनंतर चार आठवड्यांनी शेंडा खुडायचा. शेंड्यात तयार होणारं ऑक्सिन बगलेतल्या डोळ्यांना दाबून ठेवतं, शेंडा गेला की ते जागे होतात आणि एकाच्या पाच-सहा फांद्या होतात. खुडलेले शेंडे फेकू नयेत, त्याही काड्याच आहेत. ऑगस्टच्या मध्यानंतर मात्र खुडणं थांबवावं, कारण झाड आता फुलांच्या तयारीला लागणार असतं.

ती तयारी रात्रीच्या लांबीवर ठरते. गार्नर आणि अलार्ड या अमेरिकी शास्त्रज्ञांनी १९२० मध्ये तंबाखू आणि सोयाबीनवर दाखवलं की काही झाडं दिवस लहान झाल्यावरच फुलतात. शेवंती याच गटातली. नगरला जूनमधला मोठ्यात मोठा दिवस सुमारे सव्वातेरा तासांचा, डिसेंबरातला लहान ११ तासांचा. एवढ्या थोड्या फरकावरही ती कळी धरते. म्हणून उशिरा लावलेलं झाड बुटकं असतानाच फुलतं, त्याला वाढायला वेळच मिळत नाही. शहरातल्या वाचकांनी हे लक्षात ठेवावं: रस्त्याच्या दिव्याखालच्या कुंडीतली शेवंती रात्र लांबल्याचं ओळखत नाही आणि कळ्या उशिरा धरते. सप्टेंबरपासून ती कुंडी अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवावी.

हीच समज इतर झाडांना लावता येते. मोगरा, जाई, जुई, जास्वंद यांच्या काड्या पेन्सिलच्या जाडीच्या, अर्धवट पक्व, तीन-चार पेरांच्या घ्याव्यात आणि पावसाळ्यात लावाव्यात. त्यांच्यात साठा जास्त, म्हणून पानं कमी ठेवली तरी चालतात, पण मुळांना सहा-आठ आठवडेही लागतात. चाफ्याचं गणित उलटं. त्याच्या जाड फांदीत पाणी आणि चीक भरलेला, पानं काढून टाकल्यावर खर्च जवळजवळ शून्य. ती काडी आठवडाभर सावलीत सुकवून मगच लावावी. ओली लावली की सडते.

शेवटी एक विनंती. झिपरी, राजा, रेवडी यांसारख्या जुन्या जाती बी साठवून राखता येत नाहीत. त्या कुणाच्या तरी कुंडीत किंवा मळ्यात जिवंत असेपर्यंतच असतात. बाजारात टपोऱ्या नव्या फुलांची मागणी वाढली की मळ्यातून त्या उपटल्या जातात, आणि एका उन्हाळ्यात पाणी तुटलं की अंगणातूनही जातात. तुमच्या आजीच्या, मामाच्या, शेजाऱ्यांच्या दारात अशी जुनी शेवंती असेल तर येत्या जूनमध्ये तिच्या काड्या गरजेपेक्षा दहा जास्त लावा. प्रत्येक पिशवीवर जातीचं नाव, ती कुणाकडून आली ते गाव आणि तारीख पक्क्या शाईने लिहा, आणि रोपं निदान तीन वेगवेगळ्या घरांत द्या.